पर्शियन की देशी? घराला कोणतं मांजर मानवेल हे ठरवण्याची पद्धत

मांजर आणायचं ठरलं की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत दोनच नावं पुढे येतात. एक पर्शियन, लांब केसांचं, चपट्या नाकाचं, शांत. दुसरं आपलं देशी, आखूड केसांचं, चपळ, गल्लीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेलं. निवड बहुतेक वेळा फोटो पाहून होते आणि सहा महिन्यांनी तिचे परिणाम दिसू लागतात. अंगभर गाठी झालेली पर्शियन मांजरं 'दत्तक द्यायची आहेत' अशा जाहिरातींत येतात. दिवसभर एकट्या कोंडलेल्या देशी पिल्लांनी सोफे आणि पडदे फाडलेले असतात. यात मांजराचा दोष नसतो. पर्शियन रोज तुमचे हात मागते, देशी तुमचं घर आणि तुमचं लक्ष मागते. यातलं काय तुमच्याकडे खरोखर शिल्लक आहे, ते या लेखातल्या क्रमाने तपासा.

जात ठरवण्याआधी

काही गोष्टी दोन्ही मांजरांना सारख्याच लागू होतात. त्यांत अडलात तर पुढचा विचार करण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट अ‍ॅलर्जी. लांब केसांच्या मांजरामुळे शिंका जास्त येतात, हा समज चुकीचा आहे. त्रास देणारं मुख्य प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं तेव्हा ते केसांना लागतं आणि वाळून घरभर उडतं. म्हणजे देशी घेतलं म्हणून दमेकरी माणूस सुटत नाही. घरातल्या प्रत्येकाने मांजर असलेल्या घरी तीन-चार वेळा तास-दोन तास बसून पाहावं. पहिल्या भेटीत काही झालं नाही, एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघर. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. दूध-पोळी किंवा दहीभातावर ठेवलेल्या मांजराच्या डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू हळूहळू निकामी होतात. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. शाकाहारी घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरांसाठी बनवलेलं तयार खाद्य दोन्ही वेळा द्यायची तयारी हवी. कुत्र्याचं खाद्य चालत नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजर नको, असं म्हणायची गरज नाही. लिटर, म्हणजे मांजराच्या शौचाच्या ट्रेमधली माती, साफ करायचं काम मात्र दुसऱ्याने घ्यावं आणि ते रोज व्हावं. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याइतकी पक्व व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून रोजची सफाई हाच मोठा बचाव आहे.

सोसायटीचंही पाहून ठेवा. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारा ठराव सोसायटीला करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. पण घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, कारण घर बदलायच्या वेळी सर्वात आधी मांजरच बेघर होतं.

हवामानाची परीक्षा

आपल्याकडे पर्शियनबाबतचा निम्मा निर्णय हवामानच करून टाकतं. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा दाट आणि बाहेरचा लांब. चपट्या चेहऱ्यामुळे नाकपुड्या अरुंद आणि श्वासमार्ग आखूड, त्यामुळे श्वासावाटे उष्णता बाहेर टाकायची तिची ताकद मुळातच कमी. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घर बंद असेल, वीज जात असेल आणि एसी किंवा कूलर चालू ठेवायची सोय नसेल, तर पर्शियन घेऊ नका. हे आम्ही कोणत्याही सवलतीशिवाय सांगतो. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती दमल्याची खूण नसते, जीव धोक्यात असल्याची असते. अशा वेळी पाय आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, पंख्याखाली धरा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. बर्फाचं पाणी ओतू नका.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे उन्हापेक्षा दमट हवा त्रास देते. पावसाळ्यात दाट केसांचा आतला थर वाळत नाही आणि बुरशीला आयतं घर मिळतं. पर्शियनमध्ये नायटा जास्त दिसतो. केस गळून गोल टक्कल पडतं, कडेला कोंडा दिसतो. तो माणसांना, विशेषतः लहान मुलांना, सहज लागतो. बुरशीचे बीजाणू घरात वर्षभराहून जास्त टिकतात, म्हणून मलम लावून भागत नाही. तोंडावाटे औषध, औषधी स्नान आणि घराची सफाई हे तिन्ही सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त चालतं. कोकणपट्टीत पर्शियन ठेवायचीच असेल तर जून ते सप्टेंबर ती राहते त्या खोलीत एसी ड्राय मोडवर रोज काही तास चालवायची तयारी ठेवा.

देशी मांजर या हवेतच घडलं आहे. अंगाला केसांचा पातळ थर, लांब नाक, मोठे कान. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला सावली, दोन-तीन ठिकाणी पाणी आणि थंड फरशी पुरते. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथलं हवामान दोघांनाही चालतं, त्यामुळे तिथे निर्णय पुढच्या मुद्द्यांवर करावा लागतो.

केस आणि हात

पर्शियनच्या केसांचं काम दोन्ही मांजरांमधला सर्वात मोठा फरक आहे. ते नेमकं काय असतं ते आधी समजून घ्या.

रोज १५ मिनिटं लागतात. रविवारी दीड तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण काखेत आणि जांघेत दोन-तीन दिवसांतच गुंता बसतो. हत्यारं दोन: विरळ दातांचा स्टीलचा कंगवा आणि बारीक दातांचा स्टीलचा कंगवा. आधी विरळ, मग बारीक. सुरुवात पोटापासून करा, मग काखा, कानामागचे केस, मानेभोवतीचा भाग, मांड्यांची मागची बाजू, शेवटी शेपूट. बहुतेक जण पाठ विंचरून थांबतात, आणि पाठीला गाठी जवळजवळ होतच नाहीत. कंगवा त्वचेपर्यंत पोचला पाहिजे. वरवर फिरवला तर वरचे केस मऊ दिसतात आणि आतला थर गोधडीसारखा जमत जातो.

लहान गाठ सापडली की मुळाशी दोन बोटांनी केस धरा, म्हणजे त्वचा ओढली जाणार नाही. थोडं कॉर्नफ्लॉवर भुरभुरा आणि टोकाकडून मुळाकडे कंगव्याच्या कडेने सोडवा. कात्री कधीही वापरू नका. मांजराची कातडी पातळ असते, गाठीबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत येते. मोठा गठ्ठा झाला असेल तर डॉक्टरांकडे किंवा मांजरांचं काम येणाऱ्या ग्रूमरकडे क्लिपरने काढून घ्या. गाठी असताना आंघोळ घालू नका, पाण्याने त्या आणखी आवळतात.

आंघोळ चार ते सहा आठवड्यांनी, कोमट पाण्यात, मांजरांच्या शाम्पूने. माणसांचा किंवा लहान बाळांचा शाम्पू नको. आंघोळीनंतर केस मुळापर्यंत वाळवावे लागतात, टॉवेलने टिपून मग ड्रायरच्या मंद हवेत. पिल्लू असल्यापासून ड्रायरच्या आवाजाची सवय नसेल तर हे काम दोन माणसांचं होतं.

याशिवाय डोळे. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रू नळीतून नीट वाहत नाहीत, ते गालावर उतरतात आणि तपकिरी डाग पडतात. रोज एकदा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. शेपटीखालचे केसही दर तीन-चार आठवड्यांनी आखूड करावे लागतात, नाहीतर विष्ठा चिकटून घरभर फिरते.

देशीला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं रबरी ब्रश फिरवला की झालं. आंघोळ सहसा लागत नाही. नखं दोघांचीही दर दोन-तीन आठवड्यांनी टोकाला कापायची.

घर, उंची आणि लक्ष

आता उलट बाजू. देशी मांजर हुशार, शिकारी आणि चढणारं असतं. दिवसभर झोपून राहणाऱ्या मांजराची अपेक्षा असेल तर पहिली दोन वर्षं कठीण जातील. त्याला रोज दोनदा, १० ते १५ मिनिटं, कुणीतरी दोरीला पीस बांधून खेळवायला हवं. त्यातला एक खेळ रात्री झोपण्याआधी ठेवा आणि खेळ संपल्यावर लगेच शेवटचं जेवण द्या. मांजर पहाटे आणि संध्याकाळी जास्त जागं असतं. हा क्रम पाळला नाही तर पहाटे साडेचारला ते तुमच्या पोटावर उडी मारतं. तेव्हा उठून खायला दिलंत तर रोज साडेचारला देण्याचा करार तुम्ही केलात असंच ते समजतं.

चढायला जागा हवी. भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत पायऱ्यांसारख्या तीन-चार फळ्या ठोका, रुंदी किमान २५ सेंटिमीटर. नखांसाठी तीन फूट उंचीचा खांब करा आणि त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. खांब हलता कामा नये, हलणारा खांब मांजर एकदाच वापरतं. तो सोफ्याशेजारीच ठेवा. कोपऱ्यात लपवलेल्या खांबाऐवजी ते सोफाच ओरबाडेल.

खिडक्यांचं काम दोन्ही मांजरांसाठी आणि मांजर येण्याआधी पूर्ण झालं पाहिजे. खिडकीचे गज मांजराला अडवत नाहीत. डासांची जाळी नखांनी फाटते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण भोकं तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत आणि हुक वीस-तीस सेंटिमीटरवर हवेत, खालची कडही बांधलेली हवी. देशी मांजर ती चावून तोडायचा प्रयत्न करत असेल तर स्टेनलेस स्टीलची वेल्ड केलेली जाळी लावा. पर्शियन आळशी आहे म्हणून जाळी टाळणारे बरेच आहेत. समोर कबुतर बसलं की ती आळशी राहत नाही, आणि तिचा तोल देशीपेक्षा कच्चा असतो.

दिवसाचे नऊ-दहा तास घर रिकामं राहत असेल तर एकटं देशी पिल्लू आणू नका. एकाच वेतातली दोन आणा, किंवा तीन वर्षांपुढचं स्थिरावलेलं मांजर दत्तक घ्या. एकटेपणा पर्शियन जास्त सोसते, पण तेवढ्यावर तिची निवड केलीत तर विंचरायला वेळ कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच.

मुलं आणि वडीलधारी

पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर कोणतंही छोटं पिल्लू टाळा, मोठं आणि माणसाळलेलं मांजर बघा. पर्शियन सहसा उलटून ओरबाडत नाही. नेमकी हीच अडचण असते, कारण मूल तिचे केस ओढत राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. देशी मांजर उठून निघून जातं, नाहीच जाऊ दिलं तर पंजा मारतं. मूल त्यातून लवकर शिकतं, पण ओरखडा साबणाने धुवायला आणि मांजराची रेबीजची लस चालू ठेवायला विसरू नका.

आजी-आजोबांसाठी 'शांत म्हणून पर्शियन' असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हाला तो पटत नाही. सांधे दुखणाऱ्या बोटांनी रोज १५ मिनिटं कंगवा चालवणं जमत नाही आणि महिन्याभरात गठ्ठे होतात. त्यांच्यासाठी चार-पाच वर्षांचं, नसबंदी झालेलं, मांडीवर बसणारं देशी मांजर सर्वात सोयीचं.

तब्येत आणि खर्च

पर्शियन घेताना एक तपासणी टाळूच नका. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. जगभरच्या जुन्या पाहण्यांत तीनपैकी एकाहून जास्त पर्शियन मांजरांत तो सापडला होता. सदोष जनुकाची एक प्रत पुरते, म्हणजे आई-बापांपैकी एकात दोष असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. गाठी हळूहळू वाढतात आणि मूत्रपिंडं साधारण मध्यमवयात हार मानतात. जनुकीय चाचणी गालाच्या आतला नमुना किंवा रक्त घेऊन कोणत्याही वयात होते. सोनोग्राफीचा निकाल दहा महिन्यांच्या वयापासून विश्वासार्ह असतो. विक्रेत्याकडे आई आणि बाप दोघांचा अहवाल मागा. 'आमच्याकडे असं काही नाही' हा अहवाल नव्हे.

चेहऱ्याची निवड असेल तर डॉल फेस (नाक थोडं बाहेर असलेला) घ्या, पंच फेस (अगदी चपटा) नको. नाकाचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीपर्यंत चढला असेल तर श्वास, डोळे आणि दात तिन्हींचा त्रास वाढतो. झोपेतलं मोठं घोरणं ही लाडाची गोष्ट नाही. भूल देणंही अशा मांजरात जास्त जोखमीचं असतं.

देशीचे पूर्वज मिसळलेले असल्यामुळे आनुवंशिक आजार कमी, पण रस्त्यावरचं पिल्लू सोबत पिसवा, जंत, कानातले किडे आणि कधी विषाणू घेऊन येतं. घरात आणण्याआधी मांजरांच्या ल्युकेमिया आणि एड्सची रक्तचाचणी करून घ्या, विशेषतः घरात दुसरं मांजर असेल तर. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध वापरू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला मारू शकतं. तापासाठी पॅरासिटामॉलचंही तसंच.

खर्च स्वतः मांडा. चार किलोच्या घरगुती मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास. बेंटोनाइट लिटर महिन्याला आठ ते दहा किलो. हे दोघांनाही सारखं. ट्रेमध्ये पाच ते सात सेंटिमीटर थर ठेवा, दिवसातून दोनदा स्कूपने उचला, आणि ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त असू द्या. पर्शियनच्या हिशेबात वर ग्रूमिंग, शाम्पू, उन्हाळ्याचं वीजबिल आणि त्वचेच्या उपचारांसाठी बाजूला ठेवायची रक्कम धरा. देशीच्या हिशेबात जाळी, फळ्या आणि सुरुवातीच्या तपासण्या. पिल्लाची किंमत १२-१५ वर्षांच्या या बेरजेत फार छोटी ठरते, म्हणून स्वस्त पर्शियन मिळाली याचा आनंद मानू नका.

दहा दिवसांची तालीम

मांजर आणण्याआधी हे करून पाहा. पर्शियनकडे कल असेल तर रोज ठरलेल्या वेळी २० मिनिटांचा गजर लावा आणि त्या वेळी फोन बाजूला ठेवून एका जागी बसा. देशीकडे कल असेल तर सकाळी आणि रात्री १५-१५ मिनिटं. दोन्हींसाठी सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं लिटरची धरा. कोण बसलं, कोण चुकलं, ते कॅलेंडरवर लिहा. दहापैकी तीन दिवस चुकले तर पर्शियन बाद. देशीचा एखादा दिवस चुकला तर ते घर विस्कटेल, पण त्याच्या अंगाला इजा होणार नाही. शंका उरलीच तर प्राणी वाचवणाऱ्या गटांकडून महिनाभरासाठी फॉस्टर म्हणून मांजर घ्या. अनेक गटांना अशा घरांची गरज असते आणि त्यांच्याकडे सोडून दिलेली मोठी पर्शियनही येतात.

पिल्लू पाहायला जाताना

आठ आठवड्यांखालचं पिल्लू घेऊ नका, दहा ते बाराचं उत्तम. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीच्या २०१८ च्या नियमांनुसारही आठ आठवड्यांआधी विक्री करता येत नाही. तरी महिन्याभराचं पिल्लू 'दोन महिन्यांचं' म्हणून दाखवलं जातं. ओळखायचं कसं? आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे सगळे २६ दात आलेले असतात, मागच्या दाढांसह. वजन ८०० ते ९०० ग्रॅमच्या आसपास असतं. डोळे पूर्ण निळे असतील, चालताना मागचे पाय डगमगत असतील, तर ते लहान आहे. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू जुलाबांनी जाऊ शकतं आणि चावताना जोर किती लावायचा हे शिकलेलं नसतं.

आईला पाहायचा आग्रह धरा. आई गाठींनी भरलेली असेल तर पिल्लांचीही निगा राखली गेलेली नाही. मग पिल्लाच्या कानात काळा भुगा आहे का, शेपटीखाली ओलं आहे का, पोट तंबोऱ्यासारखं फुगलंय का, कानामागे आणि पंजांवर केस गेलेत का, हे पाहा. पर्शियनच्या दोन्ही नाकपुड्या नीट उघड्या आहेत का आणि तोंड मिटून दहा मिनिटं खेळता येतं का, हेही. देशी पिल्लू निवडताना तुमच्या हाताजवळ स्वतःहून येणारं घ्या. दहा-बारा आठवडे माणसांशी संबंधच आला नसेल, तर पुढे माणसाळायला फार वेळ लागतो.

आणल्यानंतर

पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा. लिटर एका टोकाला, पाणी आणि खाद्य दुसऱ्या टोकाला. पर्शियनसाठी उथळ आणि पसरट बशी, खोल वाटीत तिचा चेहरा पोचत नाही. जुनं खाद्य सात दिवसांत हळूहळू बदला. घरात आधी एखादं मांजर पॅनल्युकोपेनिया या पार्व्हो गटातल्या विषाणूच्या आजाराने गेलं असेल, तर तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. अशा घरात लस पूर्ण झालेलंच मांजर आणा.

तिहेरी लस आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, रेबीज बाराव्या आठवड्यापासून, जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. देशीची नसबंदी पाचव्या-सहाव्या महिन्यात उरकून घ्या, देशी माद्या माजावर यायला वाट पाहत नाहीत. पर्शियन उशिरा वयात येतात, तरी वर्षाआत करावी, आणि चपट्या चेहऱ्याच्या मांजरांना भूल देण्याचा सराव असलेल्या डॉक्टरकडेच. पर्शियन असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ती झोपाळलेली असताना, दोन मिनिटं कंगवा फिरवा आणि लगेच खाऊ द्या. रोज मिनिटभर वाढवा. पोटाला हात लावू देईपर्यंत तीन आठवडे लागले तरी जोर करू नका. बोका कोणत्याही जातीचा असो, ट्रेमध्ये वारंवार बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.